'कन्साइन' हे क्रियापद माणसासाठी वापरावं का?

निळीशाई
गेल्या महिन्यात आमचे सर गेले. त्यांच्यावर इंग्रजीत एक छोटा लेख लिहायचा होता, त्यात शेवटी मी लिहिलं की संध्याकाळी सरांचा देह 'कन्साइन्ड टू द फ्लेम्स' झाला, म्हणजे ज्वाळांच्या हवाली केला. भारतातल्या इंग्रजी पेपरात हे इतक्या वेळा वाचलंय की हात आपोआप तसाच चालला. परदेशात असलेल्या वर्गमैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली हे आधी काढ, नको असलेले कागद जाळून टाकले असं वाटतंय वाचताना. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये ते.

मग बसून बघितलं हे क्रियापद कुठे कुठे येतं. कन्साइन्ड टू ऑब्लिव्हियन. टू द स्क्रॅपहीप. टू द डस्टबिन ऑफ हिस्टरी, म्हणजे १९१७ मध्ये रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीने विरोधकांना जिथे जायला सांगितलं ती कचरापेटी. सगळीकडे विस्मृती, भंगार, कचरा. आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दफनाच्या वेळचं जे वाक्य आहे त्यात देह मातीला 'कमिट' करतात, 'कन्साइन' नाही. माझं स्पष्ट मत झालंय की वस्तूंसाठी ठीक आहे, माणसासाठी हा शब्द नको. तुम्हाला काय वाटतं?

मालधक्का
अजिबात पटलं नाही ताई. मी ट्रान्सपोर्टमध्ये आयुष्य काढलं, हा शब्द दिवसातून शंभरदा लिहिलाय. बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, दोन नावं असतात, कन्साइनर आणि कन्साइनी, पाठवणारा आणि ज्याच्या हातात माल पडायचा तो. टाकून दिलेल्या मालाची बिल्टी कोणी फाडत नाही हो, ज्याची काळजी असते त्याचीच फाडतात. आणि कन्साइनमेंटवर विकायला दिलेला माल असतो ना, त्याची मालकी विकला जाईपर्यंत देणाऱ्याचीच राहते, एजंटला फक्त कमिशन, न खपलेला माल परत. आपल्याकडे जांगडवर माल देतात त्याच्या जवळचा प्रकार, फक्त जांगडमध्ये पसंत पडला तर घेणारा स्वतःच ठेवून घेतो आणि इथे एजंट तो तिसऱ्याला विकतो. म्हणजे शब्दाच्या पोटात विश्वास आहे, भंगार नाही. तुम्ही शब्दाची एकच बाजू बघताय.

निळीशाई
दादा, पण माल परत येतो. सर येणार नाहीत. तुमच्या धंद्यातला अर्थ वेगळा आणि रोजच्या भाषेतला वेगळा, डिक्शनरीतही ते दोन वेगळे अर्थ म्हणूनच दिलेत. वाचणाऱ्याच्या कानात पहिल्यांदा कुठला वाजतो हा प्रश्न आहे.

जुनंदप्तर
कोर्टात कारकुनी केली आहे म्हणून लिहितो. आपल्याकडच्या खालच्या कोर्टांच्या इंग्रजी ऑर्डरच्या शेवटी खूपदा एक ठरलेली ओळ असते, फाइल 'कन्साइन्ड टू रेकॉर्ड रूम'. म्हणजे निकाल लागला, आता कागद नीट बांधून आत. अपील झालं की तीच फाइल वर मागवतात, तेव्हा ती मिळालीच पाहिजे. त्यामुळे मालधक्का म्हणतात ते बरोबर आहे, जपून ठेवायला देणं हा अर्थ खराच आहे.

पण निळीशाईताईंचंही खोटं नाही. ह्याला मराठी कचेरीत आपण काय म्हणतो? दप्तरी दाखल. आता सांगा, तुमचा अर्ज दप्तरी दाखल झाला असं कळलं तर तुम्हाला बरं वाटतं का? कागद कपाटात सुखरूप आहे आणि तुमचं काम कायमचं बंद झालंय, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. मला तरी 'कन्साइन'ला ह्याच्या इतका जवळचा मराठी शब्द दुसरा सापडला नाही. 'सोपवणे' फार मायेचं होतं, 'टाकणे' फार तुसडं, 'स्वाधीन करणे' त्यातल्या त्यात, कारण चोर पोलिसांच्या स्वाधीन होतो आणि देह अग्नीच्या, दोन्ही चालतं.

शिक्कामोर्तब
मूळ बघा की कोणीतरी. लॅटिनमध्ये 'कॉन्सिग्नारे' म्हणजे शिक्का मारणे, सही करून पक्कं करणे, त्यातला 'सिग्नम' म्हणजे खूण. इंग्रजीत सुरुवातीच्या काळात तर क्रुसाची खूण करणे असाही अर्थ होता, बाप्तिस्म्याच्या वेळी करतात ती. इतका पवित्र शब्द आणि आपण त्याला भंगारात बसवतोय. फ्रेंच लोक अजूनही स्टेशनवर सामान ठेवायच्या जागेला 'कोन्सिन्य' म्हणतात, सामान ठेवा, फिरून या, घेऊन जा. उर्दूत दफन झालं की 'सुपुर्द-ए-खाक' म्हणतात, मातीच्या हवाली, त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग 'कन्साइन्ड टू द फ्लेम्स' मध्येच का वाटावा? भारतीय इंग्रजीने त्याला आदराचा अर्थ दिलाय आणि ती चूक नाही, वापर आहे. परदेशातल्या मैत्रिणीच्या कानासाठी आपण आपलं इंग्रजी का बदलायचं?

पायरी
मूळ सांगून वाद मिटत नाहीत. 'रेलिगेट' घ्या, म्हणजे खालच्या जागी ढकलणे. रोमन कायद्यात ती हद्दपारीची सौम्य शिक्षा होती, ओव्हिड कवीला इसवी सन ८ मध्ये काळ्या समुद्रावरच्या तोमिसला धाडलं तेव्हा त्याचं नागरिकत्व आणि मालमत्ता शाबूत राहिली. आज रेलिगेशन म्हटलं की कोणाला रोम आठवतं? फुटबॉल आठवतो.

पण त्यावरून एक गोष्ट कळते. रेलिगेटला शिडी लागते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० टीम, दर हंगामात शेवटच्या ३ खालच्या लीगमध्ये. लेस्टर २०१६ ला चॅम्पियन, २०२३ ला खाली गेली, २०२४ ला परत वर आली, २०२५ ला पुन्हा खाली. म्हणजे खेळात तरी खाली ढकललेला पुन्हा चढू शकतो, शिडी तिथेच असते. कन्साइनला शिडी नसते, दार असतं, आणि ते मागून लागतं. म्हणून तर इंग्रजी पेपर लिहितात की अमुक पराभवाने टीमला 'कन्साइन्ड टू रेलिगेशन', दोन्ही शब्द एकाच वाक्यात, आणि तिथे कन्साइनचं काम फक्त एवढंच की आता ह्यात बदल नाही. शिक्कामोर्तब, तुमचा शिक्का तिथे आहेच बघा, नशिबावर मारलेला.

मालधक्का
हे मात्र मान्य. पण मग 'टू' नंतर काय येतं त्यावर सगळं आलं ना? कन्साइनला पत्ता लागतोच, पत्त्याशिवाय बिल्टी होत नाही. पत्त्यावर भंगार लिहिलं तर भंगार, देव लिहिला तर देव. दोष क्रियापदाचा कसा?

निळीशाई
इथेच माझं अडतं दादा. ज्वाळा हा कोणाचा पत्ता? 'टू द फ्लेम्स' म्हटलं की इंग्रजीत आधी जाळलेली पत्रं आणि हस्तलिखितं आठवतात. घेणारा कोणी नाही तिथे, तुमच्या भाषेत कन्साइनीच नाही. सुपुर्द-ए-खाकमधली माती त्या भाषेच्या लोकांना घेणारी वाटते, आपल्याला अग्नी घेणारा वाटतो, तो देव आहे म्हणून. इंग्रजीतल्या 'फ्लेम्स' मधून ते पोचत नाही. शिक्कामोर्तब म्हणतात तसं भारतीय इंग्रजीचा हक्क मला मान्य आहे, पण सरांनी आयुष्यभर हेच शिकवलं की वाक्य वाचणाऱ्याच्या बाजूने वाचून बघा.

शिक्कामोर्तब
मला अजूनही पटलेलं नाही. वाचणारेही बहुतेक इथलेच असणार आहेत. पण लेख तुमचा आहे.

निळीशाई
ते वाक्य काढलं. आता साधं 'वॉज क्रिमेटेड' आहे. मात्र सरांच्या ४१ वह्या, व्याकरणाच्या टिपणांच्या, घरच्यांनी ग्रंथालयाला दिल्यात, तिथे मी लिहिलंय की त्या 'कन्साइन्ड टू द लायब्ररी'. हे चालेल ना?

जुनंदप्तर
'टू द केअर ऑफ द लायब्ररी' करा. नुसतं लायब्ररी लिहिलंत तर रेकॉर्ड रूमसारखं वाचलं जाईल. आणि ग्रंथपालांकडून पोच घेऊन ठेवा, वह्यांच्या आकड्यासकट.