विषय: कढीपत्ता गळतोय

मंडळी नमस्कार,
दिवाळीच्या गडबडीत विचारायचं राहूनच गेलं. आमचा कढीपत्ता उन्हाळाभर डेकवर झक्कास होता, ऑक्टोबरात आत घेतला आणि आता रोज मूठभर पिवळी पानं खाली, माती ओली असून सुद्धा! खत घालू का? आई म्हणते ताक घाल. नाहीतर थँक्सगिव्हिंगला फ्लोरिडात टँपाला बहिणीकडे चाललोय, तिच्या परसात ढीगभर रोपं उगवलीयत, एक बॅगेत टाकून आणते.

रि: कढीपत्ता गळतोय

ताई, खत नको, ताक तर मुळीच नको, बंद घरात वास आणि चिलटं होतील. ते मे महिन्यात घाला. शिकागोच्या थंडीत ऊन कमी पडतं, झाडाची वाढ थांबते, मुळं पाणी ओढत नाहीत आणि आपण मात्र उन्हाळ्यासारखं रोज पाणी घालत बसतो, मग मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी, ताटलीत साचलेलं ओतून द्या. दक्षिणेची खिडकी उत्तम, पण हीटरच्या व्हेंटवर कुंडी नको. फांदी नखाने जरा खरवडा, आत हिरवी असेल तर झाड जिवंत आहे, सगळी पानं गेली तरी वसंतात फुटतं. आणि पानामागे शिरेलगत तपकिरी खपल्या, हाताला चिकट असं काही आहे का? तो स्केल कीडा. ओल्या फडक्याने पुसून काढा, मग साबणाचं पाणी.
बाहेर काढायची घाई नको, मदर्स डे झाला तरी रात्रीचं ५० फॅरनहाइटच्या वर टिकतंय ना बघा.

रि: रि: कढीपत्ता गळतोय

टँपाचं रोप आणू नका हो! कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्याच्यावर सिलिड नावाचा बारकासा किडा बसतो आणि तो संत्र्या-मोसंब्यांना ग्रीनिंग रोग लावत फिरतो. २००५ मध्ये फ्लोरिडात हा रोग सापडला, बागाच्या बागा गेल्या तिथल्या. त्यामुळे तिथून रोप असंच उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, कायदा आहे. बहिणीकडे पोटभर कढी खा आणि हात हलवत या :)

रि: रि: रि: कढीपत्ता गळतोय

बरं झालं सांगितलंत काका, तिला आत्ताच फोन करते. फांदी हिरवी आहे! खपल्या पण आहेत, पुसायला नवऱ्याला बसवलंय.

रि: रि: रि: रि: कढीपत्ता गळतोय

कढीपत्ता झोपलाय तोवर कोथिंबीर लावा की. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या आणि पसरट कुंडीत थेट पेरायचे, रोपं उपटून दुसरीकडे लावली तर रुसतात. उन्हाळ्यात लगेच फुलावर येते, थंड खिडकीत उलट जास्त टिकते, फक्त उगवायला दोन आठवडे धीर धरा.
कुणाकडे पानओवा आहे का? एक फांदी शनिवारी मराठी शाळेत आणा ना, पाण्यात ठेवली तरी मुळं फुटतात, भज्यांसाठी हवाय. बदल्यात पुदिना देते, हवा तेवढा.