नव्या व्हिडिओंचा आवाज येतो पण चित्र येत नाही. बागेत दुपारनंतर जुनेही अडकतात

प्रश्न: बागायतदार, दिंडोरी

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे आणि गेली तीन वर्षे मी एका खासगी सल्ला केंद्राचे मोबाइल ॲप वर्गणी भरून वापरत आहे. छाटणी, पेस्ट (कोंब फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला लावतात ते औषध), विरळणी, फवारणी अशा प्रत्येक कामाचे व्हिडिओ त्यात त्या त्या वेळी येतात. यंदा ऐन गोडी छाटणीच्या (फळांसाठीच्या छाटणीच्या) तोंडावर या व्हिडिओंनी दगा दिला आहे. छाटणी झाली की पेस्टचे काम लांबवता येत नाही, आणि काडीवरचे कोणते डोळे (कोंब) धरायचे हे नुसते ऐकून समजत नाही, डोळ्यांनी पाहावेच लागते.

अडचण दोन प्रकारची आहे. घरी फायबरचे वाय-फाय आहे. तिथे मागील वर्षांचे सर्व व्हिडिओ व्यवस्थित चालतात. मात्र साधारण पंधरा दिवसांपासून जे नवे व्हिडिओ आले आहेत, त्यांचा फक्त आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. बागेत मोबाइल डेटावर सकाळी जुने व्हिडिओ चालतात, परंतु दुपारी बारा-एकनंतर तेही फिरत्या गोलावर अडकून पडतात. माझा फोन २०१९ साली घेतलेला असून त्यात अँड्रॉइड ९ आणि तीन जीबी रॅम आहे. मुलाच्या गेल्या वर्षी घेतलेल्या फोनवर तेच नवे व्हिडिओ चित्रासह चालतात. सर्वांत कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, केंद्राच्या सल्लागारांनी यांपैकी एक व्हिडिओ आमच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकला होता आणि तो माझ्या याच फोनवर उत्तम दिसला.

फोन बंद करून चालू केला, कॅशे साफ केली, शेवटी ॲप काढून पुन्हा टाकले. त्यात साठवून ठेवलेले तीसेक व्हिडिओ मात्र गेले. केंद्राच्या मदत क्रमांकावर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "तुमचे नेट स्लो आहे" एवढेच उत्तर मिळाले. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: पंचवटीकर

सहा-सात वर्षे जुन्या फोनकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करता येणार नाही. एकदा फॅक्टरी रीसेट करून पाहावे आणि तरीही फरक न पडल्यास नवा फोन घ्यावा, हेच बरे.

उत्तर २: दुरुस्तीवाला, एम. जी. रोड

दादा, कृपया फॅक्टरी रीसेट करू नका. माझ्या दुकानात आठवड्यातून एक तरी ग्राहक असा येतो, ज्याने रीसेट करून मुलांचे फोटो गमावलेले असतात आणि मूळ दोष जागच्या जागी असतो. काहीही पुसण्याआधी दोष नेटचा आहे, फोनचा आहे की व्हिडिओच्या फाइलचा आहे, हे वेगळे काढावे लागते, आणि तुमच्या वर्णनात त्यासाठीच्या बऱ्याच खुणा आलेल्या आहेत.

व्हिडिओच्या एकाच फाइलमध्ये आवाज आणि चित्र असे दोन स्वतंत्र प्रवाह असतात आणि ते उलगडण्याचे काम फोनमध्ये दोन वेगवेगळ्या यंत्रणा करतात. आवाज सुरळीत येतो, याचा अर्थ तुमचे लॉगिन, सर्व्हर आणि घरचे नेट या तिन्ही गोष्टी शाबूत आहेत. नेट कमी पडले असते, तर आवाजही तुटत आला असता. फोनमधील तारीख-वेळ चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही, आणि सिस्टम वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपाने दाखवणारा फोनमधला भाग) जुने राहिले की त्यावर अवलंबून असलेली ॲप कोसळतात. पण या दोन्ही वेळी आवाजही येत नाही. रात्रीच्या वाचनासाठी पडद्यावर पिवळसर थर देणारे एखादे ॲप टाकले असेल, तर ते मात्र बंद करून पाहा, कारण काही फोनमध्ये त्याने चित्र झाकले जाते.

माझ्या अंदाजाने तुमच्याकडे दोन निरनिराळे दोष एकाच वेळी आले आहेत: घरचा दोष चित्र उलगडण्याचा आणि बागेतला दोष नेटचा. खात्रीसाठी काही तपासण्या करा. एक नवा व्हिडिओ घरच्या वाय-फायवर पूर्ण साठवून घ्या, फोन विमान मोडवर टाका आणि मग तो लावा. तरीही पडदा काळाच राहिला, तर नेटचा त्यात काडीचाही संबंध नाही. तो साठवण्याआधी आणि साठवल्यानंतर सेटिंगमधील ॲपच्या माहितीत जाऊन स्टोरेजचा आकडा लिहून ठेवा. बागेत सकाळी एकदा आणि दुपारी एकदा नेटचा वेग मोजा, आणि त्या दिवशी या ॲपने किती मोबाइल डेटा खर्च केला तेही पाहा. साठवलेले व्हिडिओ गेल्याचे वाईट वाटले. ॲप काढले किंवा "डेटा साफ करा" दाबले की ते जातातच. "कॅशे साफ करा" या बटणाने सहसा जात नाहीत, पण दोन्ही बटणे शेजारीशेजारी असल्याने घोटाळा होतो.

प्रश्नकर्ता: बागायतदार, दिंडोरी

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. पडद्यावर थर देणारे कोणतेही ॲप नाही. विमान मोडवरही नव्या व्हिडिओचा आवाजच आला, चित्र नाही.

अकरा मिनिटांचा एक नवा व्हिडिओ साठवल्यावर ॲपचा आकडा सुमारे ७१० एमबीने वाढला. तुलनेसाठी गेल्या वर्षीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ पुन्हा साठवला, तर तो अवघा ५५ एमबीचा निघाला. बागेत सकाळी आठ वाजता वेग साधारण १० मेगाबिट होता. दुपारी एक वाजता मात्र मापन पूर्णच होत नव्हते आणि शेवटी ०.०६ असा आकडा दिसला. माझा प्लॅन दररोज दीड जीबीचा आहे. ॲपचा त्या दिवसाचा मोबाइल डेटा १.४ जीबी दाखवत आहे, जे मला पटत नाही, कारण मी बागेत नवे व्हिडिओ पाहतच नाही. चित्र दिसत नसल्यामुळे काम करताना फक्त ऐकतो. त्या दिवशीही सकाळी दोन ऐकले होते.

उत्तर ३: व्हिडिओ संकलक, कॉलेज रोड

तुमच्या या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. चित्र दिसत नसले, तरी ते उतरतच होते. फाइलमध्ये आवाजाचे आणि चित्राचे तुकडे एकाआड एक रचलेले असतात, त्यामुळे केवळ आवाज ऐकला तरी जवळजवळ संपूर्ण फाइल फोनवर येते. असे दोन व्हिडिओ म्हणजे १.४ जीबी. दीड जीबीचा दैनंदिन साठा संपला की त्यानंतर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ किलोबिटवर आणला जातो आणि तुमचा ०.०६ मेगाबिट हा आकडा नेमका तोच आहे. गेल्या वर्षीच्या ५५ एमबीच्या व्हिडिओलाही सेकंदाला सुमारे ६०० किलोबिट लागतात (एक बाइट म्हणजे आठ बिट). तो ६४ मध्ये चालणे शक्य नाही. दुपारी टॉवर बिघडत नव्हता, साठा संपत होता.

आता काळ्या पडद्याविषयी. ७१० एमबीला अकरा मिनिटांनी भागले, तर मिनिटाला सुमारे ६५ एमबी येतात, म्हणजे सेकंदाला साडेआठ मेगाबिटहून थोडे अधिक. इंटरनेटवर दाखवण्यासाठी तयार केलेला शेतीविषयक व्हिडिओ एवढा जड नसतो. एवढा जड असतो तो कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा व्हिडिओ. अलीकडच्या आयफोनवर साध्या फुल एचडी चित्रीकरणाला मिनिटाला ६० ते ६५ एमबी लागतात. त्यामुळे माझा तर्क असा आहे की केंद्राने पंधरा दिवसांपूर्वी चित्रीकरणाचा फोन बदलला आणि त्यातून निघालेली फाइल रूपांतर न करता जशीच्या तशी ॲपवर चढवली.

आयफोनमध्ये २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, एचईव्हीसी अर्थात एच.२६५ या, व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने चित्रीकरण करता येते. ही पद्धत २०१३ साली ठरली. २००३ सालच्या एच.२६४ पेक्षा ती त्याच दर्जासाठी जवळपास निम्मी जागा घेते, म्हणून कंपन्यांना ती सोयीची वाटते. शिवाय २०२० च्या आयफोन १२ पासून एचडीआर (उजळ आणि गडद भाग अधिक स्पष्ट टिपणारे) चित्रीकरण आपोआप चालू असते आणि त्यात प्रत्येक रंगासाठी ८ ऐवजी १० बिट वापरले जातात. बऱ्याच जुन्या आणि स्वस्त फोनमधील चिपला एच.२६५ येते, पण फक्त ८ बिटचे. १० बिटची फाइल समोर आली की चित्र उलगडणारी यंत्रणा ती नाकारते. आवाज मात्र नेहमीच्या एएसी पद्धतीत असतो आणि तो कोणत्याही फोनला कळतो. मुलाच्या नव्या फोनला दोन्ही येते, म्हणून त्याच्याकडे चित्र दिसते.

व्हॉट्सॲपचे कोडेही यातच सुटते. तिथे व्हिडिओ पाठवताना तो सहसा एच.२६४ मध्ये नव्याने दाबला जातो. सल्लागारांनी गटावर टाकताना नकळत तेच रूपांतर करून घेतले, जे ॲपवर चढवताना राहून गेले.

खात्री करायची असेल, तर केंद्राकडून एखाद्या नव्या व्हिडिओची मूळ फाइल मागून घ्या आणि व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा. त्याच्या माहितीत चित्राची पद्धत लिहिलेली दिसते. व्हीएलसी चिपवर न विसंबता प्रोसेसरकडूनही चित्र उलगडून घेऊ शकते, त्यामुळे तिथे चित्र कदाचित दिसेलही; पण ते अडखळत चालेल आणि फोन तापेल.

तुमच्या बाजूने करण्यासारखे फारसे काही नाही, आणि नवा फोन घेणे हा तर यावरचा उपाय नव्हेच, कारण नव्या फोनवर चित्र दिसले तरी दुपारी डेटा संपायचा तो संपेलच. केंद्राला मात्र पुढील मजकूर लेखी पाठवा: "पंधरा दिवसांपासूनचे व्हिडिओ कॅमेऱ्यातून निघालेल्या १० बिट एच.२६५ स्वरूपात चढवले गेले असावेत, असे दिसते. जुन्या फोनवर त्यांचे चित्र उमटत नाही आणि अकरा मिनिटांना ७०० एमबीहून अधिक डेटा लागतो. कृपया ते ८ बिट एच.२६४ मध्ये रूपांतरित करून पुन्हा चढवावेत." चित्रीकरण करणाऱ्यांनी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमधील फॉरमॅट्समध्ये "मोस्ट कंपॅटिबल" निवडावे आणि एचडीआर बंद करावे, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही, कारण त्या फाइल आणखीच मोठ्या होतात. रूपांतर करावेच लागेल.

खरे तर त्यांनी प्रत्येक व्हिडिओच्या दोन-तीन प्रती ठेवायला हव्यात: एक २४० ओळींची, एक ३६०, एक ७२०. एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि प्लेअर नेटचा वेग पाहून पुढचा तुकडा हलका घ्यायचा की भारी, ते ठरवतो. बागेत उभे राहून पाहणाऱ्यांसाठी ॲप चालवायचे आणि एकच जड प्रत ठेवायची, याला माझ्या मते निष्काळजीपणाच म्हणावे लागेल.

उत्तर ४: दुरुस्तीवाला, एम. जी. रोड

मी दोन निरनिराळे दोष म्हटले होते, ते चुकले. फाइल एकच आणि तिनेच दोन्हीकडे घोळ घातला. डेटाचा हिशेब मागितला खरा, पण नुसते ऐकतानाही पूर्ण डेटा जातो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

एक तात्पुरती सोय सुचवतो. केंद्राकडून दुरुस्ती होईपर्यंत सेटिंगमध्ये या ॲपचा मोबाइल डेटा बंद करून ठेवा आणि हवे असलेले जुने व्हिडिओ रात्री वाय-फायवर साठवा. तसे केल्याने सकाळचे ऐकणे बंद होईल, पण दिवसभराचा दीड जीबी शाबूत राहील.

उत्तर ५: निफाडकर

आमच्याकडेही हेच ॲप आहे आणि माझ्या वडिलांच्या फोनवर हीच तक्रार होती. आम्ही गेला आठवडाभर टॉवरलाच दोष देत होतो. मीही वरील मजकूर केंद्राला पाठवला आहे. दोघांकडून एकच गोष्ट गेल्यास लक्ष दिले जाईल, अशी आशा आहे. संकलक महोदयांना एक विचारायचे होते: ८ बिट एच.२६५ ठेवले तर फाइल आणखी लहान होणार नाही का?

उत्तर ६: व्हिडिओ संकलक, कॉलेज रोड

होईल, आणि दिंडोरीकरांच्या फोनवर ती बहुधा चालेलही. परंतु वर्गणीदारांमध्ये त्याहून जुने फोनही असतील आणि त्या सर्वांवर हमखास चालणारी पद्धत एच.२६४ हीच आहे. वीस-पंचवीस एमबी वाचवण्यासाठी पुन्हा कुणाचा पडदा काळा करण्यात अर्थ नाही. रूपांतर करताना एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी न ठेवता आरंभी ठेवण्याचा पर्याय निवडायला त्यांना जरूर सांगा. ती शेवटी राहिली की मंद नेटवर व्हिडिओ सुरू व्हायलाच फार वेळ लागतो.

प्रश्नकर्ता: बागायतदार, दिंडोरी

आठ दिवसांनी लिहीत आहे. केंद्राच्या तांत्रिक माणसाचा स्वतःहून फोन आला. चित्रीकरणासाठी नवा आयफोन घेतल्याचे त्यांनी मान्य केले, आणि पूर्वी व्हिडिओ दाबून देणारा मुलगा नोकरी सोडून गेल्यामुळे फाइल तशाच चढवल्या जात होत्या, हेही सांगितले. आतापर्यंत छाटणीचे तीन आणि पेस्टचा एक असे चार व्हिडिओ बदलून मिळाले आहेत. निरनिराळ्या दर्जाच्या प्रती ठेवण्याचे काम हंगामानंतर पाहू, असे ते म्हणतात.

पेस्टचा व्हिडिओ आज सकाळी सात वाजता बागेतच मजुरांसह पाहिला. नऊ मिनिटांना ४० एमबी गेले. उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून मुकादमाने डोक्यावरचा टॉवेल फोनवर धरला आणि मग सर्वांना डोळे दिसले.