पुरात बुडालेली पेटी, तानपुरा, तबला: यातलं काय वाचेल?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण), २४ जुलै २०२१

नमस्कार मंडळी. बाजारपेठेजवळ तळमजल्यावर माझा गायनाचा क्लास आहे. गुरुवारी पहाटे पाणी शिरलं आणि बघता बघता छातीच्या वर गेलं. आज शेजारच्या मुलांनी चिखल ओढून दार मोकळं करून दिलं, तेव्हा कुठे आत जाता आलं. आज गुरुपौर्णिमा. घरगुतीच कार्यक्रम करायचा होता, म्हणून सगळी वाद्यं लावून, गवसण्या घालून ओळीने मांडून ठेवली होती. ती तशीच बुडाली.

दोन पेट्या (हार्मोनियम) आहेत, त्यातली एक माझ्या गुरूंची, जुन्या पॅरिस सुरांची, म्हणजे पॅरिसहून आलेल्या, हवेने वाजणाऱ्या पितळी पट्ट्यांची. मिरजेचा एक तानपुरा. तबल्याच्या दोन जोड्या, एक डग्गा तांब्याचा, एक पितळी. कीबोर्ड आणि छोटा ॲम्प्लिफायर. शिवाय गुरूंच्या हातच्या बंदिशींच्या वह्या आणि त्यांच्या बैठकींच्या कॅसेटी. खरं सांगायचं तर बाकी सगळं गेलं तरी चालेल, पण ती पेटी आणि त्या वह्या जाऊ नयेत असं फार वाटतंय.

लाइट नाही, नळाला पाणी नाही, पाऊस थांबत नाही. मैत्रिणीकडे इन्व्हर्टरवर फोन चार्ज करून लिहितेय. कोणी सांगतं हेअर ड्रायर मारा, कोणी म्हणतं तांदळात ठेवा, कोणी म्हणतं सरळ भंगारात द्या. आधी कशाला हात घालू? आणि जे वाचणार नाही तेही स्पष्ट सांगा.

साउंडवाला_डोंबिवली

ताई, कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर अजिबात चालू करून बघू नका. लाइट आली तरी नाही. कीबोर्डमध्ये सेल असतील तर आत्ता काढा. तांदळाने काही होत नाही, उलट पीठ आत जातं. पाण्यापेक्षा त्यातला गाळ आणि क्षार जास्त नुकसान करतात. ओलाव्यात ते सर्किटचं तांबं खातात.

कीबोर्ड स्क्रू काढून उघडा, स्वच्छ पाण्याने धुवा, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, बॅटरीवाल्याकडे मिळेल. पट्ट्यांखाली रबराच्या लांब पट्ट्या असतात, त्यावरचे काळे ठिपके घासू नका, तेच कॉन्टॅक्ट. ॲम्प्लिफायर मात्र तुम्ही उघडू नका. कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही करंट राहतो. पूर्ण सुकल्यावर मेकॅनिककडे द्या आणि पहिल्यांदा सिरीज बल्बवरच, म्हणजे मध्ये बल्ब जोडून, लावायला सांगा. स्पीकरचा कागदी कोन भिजला असेल तर तो बदलावा लागेल.

पेटीदुरुस्ती_मिरज

ताई, भंगारात काही देऊ नका. मी मिरजेत पेटी-तानपुऱ्याची दुरुस्ती करतो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्यानंतर सांगलीहून ढिगाने वाद्यं आमच्या गल्लीत आली. आज लिहितोय तेव्हाही नदी पन्नास फुटांच्या वर आहे, त्यामुळे तुमची काय अवस्था असेल ते न सांगता कळतं.

तेव्हा जे पाहिलं ते सांगतो. पाण्याने मेलेली वाद्यं थोडी होती. घाईने वाळवून मारलेली जास्त. पाण्याने सरस सुटतो आणि सांधे उकलतात, पण सुटलेला सांधा परत बसवता येतो. भिजलेलं लाकूड उन्हात, शेगडीजवळ किंवा ड्रायरखाली ठेवलं की वरचा थर आक्रसतो, आतला फुगलेलाच राहतो. मग फळी पिळते, नाहीतर उभी तडकते. त्यावर मग फार काही करता येत नाही. म्हणून ड्रायर नको, आणि ऊन पडलं तरी ऊन नको.

कामाला लागायच्या आधी दोन गोष्टी. हातमोजे आणि गमबूट घाला, हातापायाला जखम असेल तर या चिखलात हात घालू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. आणि प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. पंचनामा होईपर्यंत तबल्याची फाटकी पुडीसुद्धा (वरचं मढवलेलं कातडं) टाकू नका, पण त्यासाठी धुणं थांबवू नका.

आता तुमच्या गुरूंची पेटी. आजच उघडा. गाळ ओला आहे तोवर पाण्याने निघतो. वाळला की पितळी पट्टी आणि तिच्यावरची जीभ यांच्या मधल्या फटीत सिमेंटसारखा बसतो, आणि मग काढताना जीभ वाकते. वरचं झाकण, मग वाजवायच्या पट्ट्या, मग सुरांची फळी सोडवा. प्रत्येक टप्प्याला फोटो. सूर फळीवरून काढण्याआधी खर्जापासून (सगळ्यात खालच्या सुरापासून) क्रमाने पेन्सिलीने आकडे घाला. दोन्ही बाजूंचे सूर वेगळ्या डब्यात.

एकेक सूर कोमट स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून बुडवा. मऊ रंगाचा ब्रश घ्या आणि रिवेटकडून टोकाकडेच फिरवा, उलटा कधीच नाही. फटीत अडकलेला कण काढायला पातळ कागदाची पट्टी सरकवा. सुई नको, ब्लेड नको. पितांबरी, चिंच, लिंबू यातलं काही लावू नका. पितळ चमकेल, पण जिभेचं टोक घासलं गेलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो. जुने पॅरिस सूर दोन-तीन दिवस पाण्यात राहिल्याने सहसा खराब होत नाहीत, ते घासण्याने बिघडतात. धुतले की टिपून सुती कापडावर पसरून ठेवा.

भाता गेला असं धरून चाला. पुठ्ठा, कापड आणि चामडं आहे, तो नवा करावा लागेल. झडपांखालचं चामडंही नवं. यात हळहळू नका, भाता हा तसाही काही वर्षांनी बदलायचाच भाग आहे. पेटीचा आवाज सुरांत आणि सुरांच्या फळीत असतो.

ती फळी आणि बाकीची लाकडं धुऊन आडव्या लाकडी पट्ट्यांवर ठेवा, दोन फळ्यांमध्ये बोटभर हवा खेळेल अशी, वर सपाट वजन. खोली सावलीची, वरच्या मजल्यावरची. पंखा चालेल, पण झोत भिंतीवर मारा, लाकडावर नको. कोकणातल्या श्रावणात हे फार सावकाश होईल. वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, म्हणून किराणा दुकानाच्या काट्यावर फळीचं वजन करा, लिहून ठेवा, चार-पाच दिवसांनी पुन्हा करा. वजन उतरायचं थांबलं की समजा वाळली. त्याआधी सरस लावू नका, तेल-पॉलिश तर नाहीच. बुरशी दिसली तर आतल्या कोऱ्या लाकडावर सर्जिकल स्पिरिटचा बोळा चालेल. बाहेरून मात्र स्पिरिट लावू नका, चपड्याचं पॉलिश त्यात विरघळतं.

तानपुरा: सगळ्या तारा थोड्या थोड्या करून सैल करा, एकदम एकच नको. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) काढून कागदात गुंडाळून वेगळी ठेवा, तिच्यावरची जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारा घासलेला माथा, जपायची आहे. भोपळा आता मऊ झाला असेल. त्याला आडवा ठेवलात तर चपटा होईल, आणि दांडीला धरून टांगलात तर गुळवाचा (भोपळा आणि दांडी जोडणारा) सांधा तुटेल. सुती कापडाची मोठी चुंबळ करा, भोपळा तिच्यात बसवा, दांडी भिंतीला टेकून मऊ फडक्याने बांधा. तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) आपोआप उकलली असेल तर बरंच झालं, आतला गाळ धुता येईल. उकलली नसेल तर तुम्ही उचकटू नका.

तबला-डग्गा: पुड्या गेल्या. शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ, ती पाण्यात सुटते, आणि कातडं आता कुजेल. वाद्या (पुडी ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) कापा, पुडी काढा. लाकडी खोड धुऊन तोंड खाली करून दोन पट्ट्यांवर ठेवा, म्हणजे आतून हवा लागेल. गट्टे जपून ठेवा. डग्ग्यांना काही झालेलं नाही, साबणाने धुवा.

वह्यांबद्दल इथे जाणकार आहेत, ते सांगतील. पण पेटीच्याही आधी वह्या.

ग्रंथपाल_रत्नागिरी

वह्या उघडून पानं सोडवायचा प्रयत्न आज करू नका. ओलं पान फाटतं आणि शाई फुटते. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, तीच थोपवायची आहे. बाहेरचा चिखल बंद वहीवरच हलक्या हाताने पाणी ओतून काढा. शाईपेनाने लिहिलेलं असेल तर पाणीही नको. मग प्रत्येक वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि सगळ्या फ्रीझरमध्ये. लाइट असलेल्या गावात कोणाचा डीप फ्रीझर असेल तर उत्तम, तोवर मासळीवाल्यांच्या बर्फाच्या पेटीत ठेवा, पिशवीचं तोंड घट्ट बांधून. गोठली की घाई संपली. नंतर एकेक काढून, पानांमध्ये टीपकागद घालत वाळवता येते.

कॅसेटी मात्र गोठवू नका. डिस्टिल्ड पाण्यात खळबळून उभ्या ठेवून सावलीत वाळवा, आणि कितीही मोह झाला तरी प्लेअरमध्ये घालू नका. चिखलाचा एक कणही फितीवर रेघ ओढतो. कवच बदलून, एकदाच वाजवून त्याच वेळी डिजिटल करून घ्यायची. तुमच्या गावच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ चा पूर पाहिला आणि आता हाही. तिथल्या लोकांशी बोला, ओली पुस्तकं हाताळलेली माणसं आहेत.

वाशिष्ठीकाठ, १९ ऑगस्ट २०२१

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वह्या दापोलीला एका विद्यार्थिनीच्या फ्रीझरमध्ये आहेत. पहिली वही वाळवली, यमनची पानं पूर्ण वाचता येतात. कीबोर्ड चालू झाला, वरच्या सप्तकातल्या काही पट्ट्या मुक्या आहेत. ॲम्प्लिफायर गेला.

पेटीचे सूर सांगितलंत तसेच धुतले. तोंडाने हलकी फुंकर मारून पाहिले, बहुतेक बोलले. मला रडूच आलं. पण मंद्रातले (खालच्या सप्तकातले) तीन सूर नुसता वारा सोडतात, आवाज नाही. एक मध्य पंचम खरखरतो. फळीचं वजन अजून थोडं उतरतंय. आणि पुढच्या वर्षी वाद्यं ठेवायची कुठे? क्लास दुसरीकडे हलवणं मला शक्य नाही.

पेटीदुरुस्ती_मिरज

ताई, फार छान काम केलंत.

मंद्राचे सूर गेलेले नाहीत. सूर डोळ्यासमोर आडवा धरून बघा. जिभेचं टोक पट्टीच्या पातळीच्या किंचित वर हवं, साधारण कागदाच्या जाडीएवढं. ते पट्टीला टेकलं असेल तर सूर बोलत नाही. धुताना दाबलं जातं. जिभेखाली कागद सरकवून टोक केसभर उचला आणि पुन्हा फुंका. नाही जमलं तर सोडून द्या, इथे करू. खरखरणाऱ्या पंचमात एकतर कण आहे, नाहीतर जीभ बाजूला सरकून कडेला घासतेय. उजेडासमोर धरलात की दोन्ही कडांची फट सारखी आहे का ते दिसेल.

ठेवण्याचं म्हणाल तर सांगलीत आम्हाला सवड मिळते. कोयनेतून किती पाणी सोडलं ते कळतं, आयर्विनला ४० फूट इशारा, ४५ धोका, त्या हिशोबाने सामान हलवतो. तुमच्याकडे पाणी रात्रीत येतं, तेव्हा हलवायला माणसं कुठून आणणार? म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळमजल्यावर रोजच्या शिकवणीची एकच पेटी आणि एक जोडी ठेवा, बाकी सगळं वर. वर म्हणजे कपाटाच्या वर नव्हे, वरच्या मजल्यावर, कोणाच्या तरी घरी. फायबरच्या पेटाऱ्यात ठेवलं म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. पेटारा पाण्यावर तरंगतो, उलटतो, आणि झाकणातून पाणी आत जातं. त्यात ठेवायचंच असेल तर पेटारा खिडकीच्या गजाला बांधा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं वाद्य पूर ओसरल्या दिवशीच उघडा, आत घाम धरतो.

सूर आणि फळी कुरिअरने पाठवलीत तरी चालेल, प्रत्येक सूर वेगळ्या कागदात, आकडा बाहेर दिसेल असा. फळीचं वजन थांबल्यावरच पाठवा. तानपुरा मात्र पार्सलने नको. घाट नीट सुरू झाला की गाडीत मांडीवर घेऊन या, तबली काढून आतून बघू. भोपळा आतून काळा पडला असला तरी घाबरू नका, कडक असला म्हणजे झालं. मऊ राहिला असेल तर नवा भोपळा बसवू. दांडी आणि घोडी तुमचीच राहील.