भावाला सांगितलेलं लक्षात राहत नाही, काय करावं?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)
राम राम मंडळी. धाकट्या भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित सुरू. कानात आवाज येणं, संशय घेणं थांबलं. पण मीठ, चहापत्ती अन् काडीपेटी आण म्हटलं की नुसती काडीपेटी घेऊन येतो. परवा फवारणीत पुडी टाकली की नाही हे आठवेना, एकाच पंपात दोन टाकल्या. बाबा म्हणतात, कामचोर आहे. गोळ्या जास्त होत असतील काय? कमी कराव्या काय?

वर्धेची लेक
भाऊ, गोळ्या मनानं कमी करू नोका! आम्ही आईच्या केल्या होत्या. दोन महिन्यांत ती पुन्हा रात्र रात्र अंगणात बोलत बसे.
हे आजाराचंच अंग आहे. आवाज गोळीनं थांबतात, पण ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं अन् त्याचा मेळ लावणं, याला त्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. आईला एका वेळी एकच काम सांगतो, अन् तेच तिच्याकडून परत म्हणवून घेतो. उत्तराला वेळ लागला तरी मधात बोलत नाही.

गावकरी ७
ब्राह्मीचं तेल लावून पाहा.

वर्धेची लेक
लावलं. उशा तेलकट झाल्या.

सिस्टरताई
हात थरथरू नये म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल सुरू आहे का? तिनं विसराळूपणा वाढू शकतो. गरज आहे का, हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतः बंद करू नका. स्मरण अन् लक्ष वाढवायचा सराव करून घेतात, तोही विचारा. दवाखाना लांब असेल तर टेलीमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.
अन् विषारी औषधाला त्याला हात लावू देऊ नका. मोजदाद द्या. पंप भरला की बांधावर एक खडा. डोक्यात आकडा ठेवायची गरज नाही.

पऱ्हाटीवाला
ती गोळी सुरू आहे, पुढच्या तारखेला विचारतो. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत.
काल पुड्या मीच टाकल्या. बाबा म्हणे बारा पंप झाले. भावाचे खडे तेरा. रिकाम्या पुड्या मोजल्या, तेराच निघाल्या.