एनिड बेकवेल : विश्वचषकापलीकडची अष्टपैलू

१९७३ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातल्या ११८ धावांवरून इंग्लंडच्या एनिड बेकवेलला नुसतं ‘त्या काळची चांगली सलामीवीर’ म्हटलं, तर ते अर्धंच चित्र झालं. त्याच सामन्यात तिने २८ धावांत २ बळीही घेतले होते.

नॉटिंगहॅमशायरच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यातल्या न्यूस्टेडची ही मुलगी. फलंदाजी उजव्या हाताने, फिरकी मात्र डावखुरी. ईस्ट मिडलंड्स आणि सरेकडूनही ती खेळली. १९६८-६९ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात १,०३१ धावा आणि ११८ बळी!

कसोटीचे आकडे बघा: १२ सामने, १,०७८ धावा, फलंदाजीची सरासरी ५९.८८, ५० बळी, गोलंदाजीची सरासरी (म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा) १६.६२. अष्टपैलूचा कस या दोन सरासरींमधल्या फरकातून लागतो. तो २० च्या पुढे गेला तरी खेळाडू थोर मानतात, इथे तो ४३ च्या वर आहे. सामने १२ च, कारण १९६८ ते १९७९ या काळात महिलांच्या कसोट्याच मोजक्या व्हायच्या.

तरी माझ्या मते तिचा सर्वोत्तम सामना १९७९ चा, वेस्ट इंडिजविरुद्ध एजबॅस्टनला, आणि तोही कसोटीतला शेवटचा. पहिल्या डावात ६८. दुसऱ्यात संघ १६४ मध्ये गारद, त्यात हिच्या नाबाद ११२, म्हणजे ६८ टक्के धावा एकटीच्या. सलामीला येऊन शेवटपर्यंत उभी राहिली, आणि सामन्यात ७५ धावांत १० बळी. इंग्लंड २४ धावांनी जिंकलं. तेव्हा तिचं वय होतं ३८.