अमेरिकेतील सरकारी शाळेत वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचे काम

प्रश्न : मुंबईत श्रवण व वाचा-भाषा उपचारशास्त्राची पदवी घेऊन मी काही वर्षे रुग्णालयात काम केले असून आता कुटुंबासह न्यू जर्सीला स्थायिक झाले आहे. येथील सरकारी शाळेत काम करण्यासाठी ही पदवी पुरेल का?

उत्तर १ : नुसत्या पदवीवर भागणार नाही. ‘आशा’ या वाचा-भाषा व श्रवणतज्ज्ञांच्या अमेरिकी राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर शिक्षण, ४०० तासांचे प्रात्यक्षिक, प्रॅक्सिस ही या विषयाची राष्ट्रीय परीक्षा आणि किमान ३६ आठवड्यांची, १,२६० तासांची फेलोशिप, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखालचे काम, लागते. शाळेसाठी राज्याच्या शिक्षण खात्याचे प्रमाणपत्र निराळे.

उत्तर २ : कामाचा बाजही वेगळा आहे. ‘आयडिया’ या अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या कायद्यानुसार विशेष शिक्षणसेवेस पात्र मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, तयार करून वर्षातून एकदा तरी त्याचा आढावा घ्यावा लागतो. मात्र वाचादोष असूनही त्याचा शिक्षणावर विपरीत परिणाम होत नसेल, तर मूल पात्र ठरत नाही, आणि रुग्णालयातून आलेल्यांना हे पचनी पडायला वेळ लागतो. आराखड्यातील उद्दिष्टही ‘उच्चार सुधारेल’ असे मोघम चालत नाही. ‘वाक्य वाचताना दहापैकी आठ वेळा र अचूक उच्चारेल’ असे मोजता येण्याजोगे लिहावे लागते. कागदपत्रांचा व्याप अर्थातच दांडगा.

उत्तर ३ : आपले मराठी येथे कामी येईल. मराठी घरातील मूल इंग्रजीतील व्ही आणि डब्ल्यू यांचे उच्चार सारखेच करते; हा घरच्या भाषेचा प्रभाव असून वाचादोष नाही. शक्य असेल तेथे मुलाच्या भाषेतच मूल्यमापन करावे, असे कायदाही सांगतो.