फ्लेक्सच्या दुकानातून एजन्सीत जायचंय, पोर्टफोलिओत काय ठेवू?

कुडाळचा_अप्लाइडवाला

अप्लाइड आर्टची पदवी आहे. सध्या कुडाळात फ्लेक्स-डिजिटलच्या दुकानात डिझाइन करतो: वाढदिवसाचे बॅनर, जत्रेचे फलक, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका आणि अधूनमधून काजू-कोकमवाल्यांची लेबलं. आता मुंबई, पुणे किंवा पणजीत ज्युनिअर डिझायनर म्हणून अर्ज करायचे आहेत.

दुकानातलं काम पोर्टफोलिओत दाखवावं का, की हसतील? नोकरी मिळेपर्यंत लेबलांची कामं स्वतंत्रपणे घेतली तर दर कसा लावायचा? आणि मराठी मजकूर मी श्रीलिपीत (युनिकोड नसलेली जुनी फॉन्टप्रणाली) करतो. जाहिरातींत सगळे युनिकोड मागतात, पण इलस्ट्रेटरमध्ये युनिकोड टाकलं की जोडाक्षरं फुटतात. त्याचं काय करायचं?

शाईचा_डाग

वाढदिवसाचे बॅनर एकही नको. हसतील म्हणून नव्हे. त्यांत निर्णय तुमचा नसतो, फोटो किती आणि कोणाचा मोठा हे गिऱ्हाईक ठरवतं. बघणाऱ्याला तुमचा निर्णय बघायचा असतो. दशावताराच्या जाहिराती मात्र जरूर ठेवा. मंडळाचं नाव, नाटकाचं नाव, देवस्थान, तारीख, वेळ, कलाकारांची यादी एवढा मजकूर एका चौकोनात बसवून तो रस्त्यावरून वाचता येणं हे खरं काम आहे. छापलेली जाहिरात आहे तशी दाखवा आणि शेजारी तोच मजकूर दोनच टाइपफेस आणि तीन रंगांत पुन्हा मांडून ठेवा. दुसरी तुमची स्वतःची मांडणी आहे, मंडळाने मागवलेली नाही, हे तिथेच लिहा. हे लपवलं आणि मुलाखतीत उघड झालं तर बाकीच्या पानांवरचा विश्वासही जातो.

एकूण सहा ते आठ कामं पुरे. सगळ्यात चांगलं पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी, कारण मधली पानं भराभर सरकवली जातात. प्रत्येक कामाला एक मोठं चित्र, दोन तपशील आणि तीन ओळी: काम काय होतं, तुमचा वाटा कोणता, अडचण कुठली सोडवली. बरणीचे आयते मॉकअप (डिझाइन चिकटवून दाखवायची तयार चित्रं) सगळ्यांकडे तेच असतात. कोकम आगळाची खरी बाटली खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कार्डशीटवर ठेवून काढलेला फोटो जास्त बोलतो. आडव्या पानांची पीडीएफ करा, दहा एमबीच्या आत, फाइलला नाव स्वतःचं आणि पदाचं. ‘फायनल_न्यू_२’ नको. बिहान्स या ऑनलाइन पोर्टफोलिओच्या साइटवरची लिंक सोबत द्या, पण ती पीडीएफच्या जागी नको. बरेच जण पीडीएफ मोबाइलवरच उघडतात, म्हणून पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर अक्षर वाचता येतंय का ते बघा.

मेलमध्ये चार ओळी बास. त्यांच्या कुठल्या कामाशी तुमचं कोणतं पान जुळतं ते एका वाक्यात लिहा. तेच पत्र पन्नास ठिकाणी गेलेलं लगेच कळतं. आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या. चाचणी म्हणून काम दिलं तर अर्ध्या-एक दिवसाचं, काल्पनिक ब्रँडचं असेल तर करा. त्यांच्या चालू गिऱ्हाइकाची अख्खी मोहीम फुकट मागत असतील तर ती चाचणी नव्हे. आणि ‘डिपॉझिट भरा, मग लॅपटॉप पाठवतो’ म्हणणारी नोकरी म्हणजे सरळ फसवणूक.

छापखाना_मालवणी

वरचा सल्ला बरोबर, पण तुमची खरी पुंजी लेबलांत आहे आणि तुम्ही ती ‘अधूनमधून’ म्हणून शेवटी टाकली आहे. अन्नपदार्थाचं लेबल कायद्याला आणि छपाईला धरून पूर्ण करता येणारा ज्युनिअर शहरातल्या एजन्सीतही सहज सापडत नाही. तीन लेबलं नीट करून ठेवली की पोर्टफोलिओचा कणा झाला. मात्र नीट म्हणजे काय ते बघा.

सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो. मराठी त्याच्या जोडीला हवं तेवढं घाला, पण फक्त मराठीत घटक लिहिले तर ते लेबल चालत नाही. इकडच्या घरगुती उत्पादनांत ही चूक फार दिसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी क्रमांक त्यांच्या चिन्हासह, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, दर ग्रॅम किंवा मिलिलिटरची किंमत, बॅच, तारखा, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक संपर्क. बॅच आणि तारखेसाठी कोरी, वार्निश नसलेली जागा सोडा. गुळगुळीत वार्निशवर शिक्क्याची शाई बोटाने पुसली जाते. शाकाहाराच्या खुणेत हिरवा गोल हिरव्या चौकटीत, चौकटीची बाजू गोलाच्या व्यासाच्या दुप्पट. पाकिटाची दर्शनी बाजू १०० चौ. सेंमी.पर्यंत असेल तर व्यास किमान ३ मिमी, १०० ते ५०० असेल तर ४ मिमी.

काजू असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत ट्री नट्स (काजू-बदामाचा वर्ग) लिहावंच लागतं. काजू बर्फी, काजू मोदक यांवर ते राहून जातं. सरबतात सोडियम बेंझोएट असेल तर ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ हा वर्ग आणि आयएनएस २११ हा क्रमांक. आणि ते घातलेल्या बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहायचं नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो. ‘सेंद्रिय’ला प्रमाणपत्र लागतं. ‘देवगड हापूस’, ‘रत्नागिरी हापूस’ लिहून जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह टाकायला सांगितलं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून झालेल्या नोंदणीचा कागद आधी मागा. हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, ते चिन्ह शोभेचं नाही.

बारकोड नेटवरच्या जनरेटरमधून मनाने काढू नका. क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घ्यावा लागतो, तो ८९० ने सुरू होतो. ईएएन-१३, म्हणजे तेरा आकडी बारकोडचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी, ८० टक्क्यांखाली नेऊ नका आणि दोन्ही बाजूंची पांढरी जागा खाऊ नका. कोकमाच्या लेबलाला शोभतं म्हणून रेघा लाल केल्या की स्कॅनर आंधळा होतो, कारण त्याचा उजेडच लाल असतो. बारीक गोल बाटलीवर बारकोड असा फिरवा की रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक येतील, नाहीतर वळणावर कडेच्या रेघा दिसत नाहीत.

आता छपाई. सीएमवायके (छपाईच्या चार शाया), ३०० डीपीआय, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग), आणि मजकूर कापाच्या रेषेपासून निदान ३ मिमी आत. बारीक काळी अक्षरं फक्त के १०० मध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत. चारही शाया एकावर एक आल्या की जराशा हलल्या तरी अक्षर भुरकट होतं. कोकमाचा लालजांभळा स्क्रीनवर झळकतो आणि छापल्यावर मळका येतो. रंग मॉनिटरवर ठरवू नका, त्याच कागदावर प्रूफ काढून ठरवा. आगळ, सरबत, लोणचं यांना कागदी क्रोमो स्टिकर देऊ नका. तेल, ओल आणि पावसाळी दमटपणाने कडा उचलतात. पीपी (प्लास्टिकची) फिल्म आणि वर लॅमिनेशन द्या. पारदर्शक पाउचवर खाली पांढऱ्या शाईचा थर लागतो, तो वेगळ्या स्पॉट रंगात (चार शायांबाहेरची स्वतंत्र शाई), वेगळ्या लेयरवर द्या. तो विसरला तर पिवळ्या रंगातून आतली आंबापोळी दिसते. छापील पाउचला ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा कोरीव सिलिंडर करावा लागतो, तो खर्च मोठ्या संख्येवरच निघतो. बचत गटाला साधा पाउच आणि वर स्टिकर हेच परवडतं, हे तुम्ही आपणहून सांगितलंत तर पुढची पाच कामं तिथूनच येतील.

आणि हंगाम बघा रे. आंबा मार्केटात जाऊ लागला की लेबल मागायला सगळे एकदम धावत येतात. नमुने घेऊन कारखान्यांच्या पायऱ्या नोव्हेंबर-डिसेंबरात चढायच्या.

अक्षरजुळणी

जोडाक्षरांचं उत्तर सोपं आहे. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात ‘इंडिक ऑप्शन्स’ चालू करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये तशीच सोय. हे केलं नाही की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि ‘क्त’चा पाय मोडून हलन्त दिसतो. जुन्या फाइलमधल्या परिच्छेदांना कंपोझर वेगळा लावावा लागतो, नव्या सेटिंगने ते आपोआप सुधारत नाहीत.

कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी ठेवा. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ‘दऱ्या’मधला अर्धा र नुक्त्याचा ऱ वापरून टाइप करा, म्हणजे त्याचा ‘दर्या’ होणार नाही. फॉन्ट पारखताना मराठीतल्या अडचणीच्या जागा एका ओळीत टाइप करून बघा: ऱ्य, ऱ्ह, ॲ, ऑ, ट्ट्या, द्ध्य, रु, रू. एखादी जरी मोडली तर तो फॉन्ट पाकिटाला नको. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बालू, तसंच टिरो देवनागरी मराठी हे ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत, व्यावसायिक कामाला बिनदिक्कत चालतात. कुठून तरी मिळालेला फॉन्ट गिऱ्हाइकाच्या पाकिटावर छापलात तर नोटीस गिऱ्हाइकाला येते.

श्रीलिपी टाकून देऊ नका. जुन्या फाइली, पत्रिकावाले, काही छापखाने अजून तिच्यावर आहेत. तिचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडात आणल्यावर रफार, अर्धा र आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासा, गडबड तिथेच होते. प्रेसला देताना आउटलाइन केलेली (अक्षरांचे आकार झालेली) प्रत द्या आणि जिवंत मजकुराची स्वतःकडे ठेवा.

पणजीचा विचार करताना हेही धरा की गोव्याची राजभाषा देवनागरी कोकणी आहे. देवनागरी नीट लावणारा माणूस तिथे उपयोगी पडतो. पण गोव्यातलं बरंच काम हॉटेलं, इव्हेंट आणि घरबांधणीवाल्यांचं, इंग्रजीतलं असतं. तिथे अर्ज करताना मेनूकार्ड किंवा एखाद्या होमस्टेचं ओळखचिन्ह, खोलीच्या पाट्यांपर्यंत पूर्ण केलेलं, एक तरी हवं.

कुडाळचा_अप्लाइडवाला

सगळ्यांचे आभार. दराचं राहिलं. इथे ‘लेबलाचे पाचशे घे’ म्हणतात आणि वर सीडीआर (कोरलड्रॉची, बदलता येणारी मूळ) फाइलही मागतात. फाइल दिली की पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातात.

जमाखर्च

लेबलाचा दर लावू नका, दिवसाचा लावा. घरखर्च, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, लॅपटॉपची झीज मिळून महिन्याला समजा ४०,००० लागतात. पैसे देणारे दिवस महिन्यात तीस नसतात. गाठीभेटी, फोन, दुरुस्त्या, वसुली वजा जाता बारा धरा. दिवसाला ३,३३३ आले, ३,५०० म्हणा. नव्या ब्रँडचं पहिलं लेबल दोन दुरुस्त्यांसह तीन दिवसांचं, १०,५००. त्याच साच्यातले पुढचे चार स्वाद अर्ध्या अर्ध्या दिवसाचे, ७,०००. पाच लेबलांचे मिळून १७,५००. पाचशेवाल्याला हा आकडा सांगून भांडू नका. त्याला फक्त मजकूर बदलून हवा असेल तर तेवढ्या तासांचं सांगा, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा.

निम्मे पैसे आधी, उरलेले छपाईची पीडीएफ देण्याआधी. दुरुस्त्या दोन, तिसरीपासून वेगळे पैसे. छापायच्या आधी गिऱ्हाइकाकडून ‘मजकूर तपासला, छपाईस मंजूर’ एवढं व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. एमआरपी चुकली तर पाच हजार स्टिकरांचे पैसे कोणी भरायचे, हा वाद त्या एका ओळीने मिटतो.

सीडीआर किंवा एआय (इलस्ट्रेटरची) फाइल ही वेगळी वस्तू आहे, कोटेशनमध्ये तिची किंमत वेगळ्या ओळीत लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्र डिझायनरने केलेल्या रेखाटनाचा पहिला मालक तो स्वतः असतो आणि हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पैसे घेऊन मागणीप्रमाणे काढलेला फोटो किंवा पेंटिंग यांना वेगळा नियम आहे, उलट करार नसेल तर मालक गिऱ्हाईक. म्हणून लेबलावर हाताने रंगवलेला आंबा असेल तर त्याचं आधीच लिहून ठेवा. नोकरीत केलेलं काम मालकाचं, तेव्हा दुकानातली लेबलं पोर्टफोलिओत घालायला मालकाची परवानगी मेलवर घ्या.

उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ती असली की २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. उशिराला बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीचं व्याज. बिलाखाली उद्यम क्रमांक छापला तरी बरेचसे फोन उचलले जातात. फक्त सेवाच देत असाल तर उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, गिऱ्हाईक गोव्यातलं असलं तरी. कंपनीने फी म्हणून वर्षात ५०,००० च्या वर दिले तर १० टक्के टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकर पोर्टलवर बघा आणि विवरणपत्र भरून परत मागा. पुष्कळ जण तो सोडूनच देतात.

शाईचा_डाग

छापखानावाल्यांचं पटलं. क्रम बदला: लेबलं पुढे, दशावतार त्यानंतर. आणि लेबलाच्या एका पानावर मागची बाजू पूर्ण आकारात दाखवा, घटक, खुणा, बारकोड सगळं वाचता येईल अशी. पुढची बाजू सगळेच दाखवतात.